घोळणा

तेलगावात उन्हाळा तापायला लागला की शाळेत एक-दोन पोरांचा घोळणा फुटायचाच. प्रार्थनेच्या रांगेत मधूनच कुणीतरी मान वर करून उभं राहायचं, सदऱ्यावर लाल थेंब पडलेले असायचे आणि गुरुजी म्हणायचे, “न्या रे ह्याला हापशाखाली.” न्यायला सगळेच तयार असत, कारण तेवढाच तास बुडायचा.

घोळणा फुटणं म्हणजे नाकातून रक्त येणं. आमच्याकडं त्याला दुसरा शब्दच नव्हता. बीड जिल्ह्यातलं कोरडं ऊन, नाकात धरलेली खपली आणि ती काढायला गेलेलं बोट, एवढ्यावर घोळणा फुटायचा.

माझ्या थोरल्या चुलतभावाला, दादाला, हा त्रास सगळ्यात जास्त. आमची वस्ती गावापासून दीडेक कोसावर. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. सायकलच्या कॅरेजवर बसवून तोच मला शाळेत न्यायचा-आणायचा. सकाळची शाळा सुटून परतताना डांबर मऊ झालेलं असायचं. अशाच एका दुपारी माझ्या मनगटावर काहीतरी गरम पडलं. पाहते तर रक्त. मी रडायलाच लागले. दादानं सायकल बाभळीला टेकवली, खाली बसला आणि मान मागं टाकून म्हणाला, “रडू नगं बाई. उजव्या नाकपुडीतूनच फुटतंय दरवेळी. आता थांबंल.” मी दप्तरातली पाटी काढून त्याला वारा घालत बसले.

घरी गेल्यावर आजीनं काळ्या रानातलं ढेकूळ आणलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि त्याला हुंगायला लावलं. एक कांदा बुक्कीनं फोडून नाकाला लावला. डोक्यावर ओला पंचा टाकला. रक्त थांबलं. ढेकळानं थांबलं, कांद्यानं थांबलं की आपसूक थांबलं, हे आजीला विचारायची आमची छाती नव्हती.

पुढं मी डॉक्टर झाले. धारूरचा घाट चढून जाणाऱ्या एस.टी.नं अंबाजोगाईला गेले आणि तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. नंतर बाहेरगावी जाऊन भूलशास्त्राची पदवी घेतली. गावात हे कुणाला नीट कळलं नाही. “कशाची डॉक्टरीण झालीस गं?” असं आजी शेवटपर्यंत विचारायची. मी म्हणायचे, “गुंगी देणारी.” ती म्हणायची, “म्हंजी कापणारा दुसरा, आन् तू नुसती झोपवणार?” आणि तिला वाईट वाटायचं.

नुसतं झोपवणं नसतं ते. झोपवलेल्या माणसाचा श्वास आपल्या हातात घ्यायचा असतो, आणि तो परत त्याच्या हातात देईपर्यंत आपला हात सुटता कामा नये. त्यासाठी घशातून श्वासनळीत एक नळी घालतात. बहुतेक वेळा ती तोंडातून जाते. पण ऑपरेशनच तोंडाचं असेल, जबडा मोडलेला असेल, गालाच्या आतून गाठ काढायची असेल, तर तोंडातली नळी सर्जनच्या वाटेत येते. मोडलेला जबडा बसवताना वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसतात का हे बघायला ते तारेनं बांधावे लागतात. मध्ये नळी असेल तर दात मिटणार कसे? मग नळी नाकातून घालावी लागते.

ही पद्धत रुळली ती पहिल्या महायुद्धानंतर. तोफगोळ्यांनी चेहरे फाटलेले सैनिक इंग्लंडमध्ये सिडकपच्या क्वीन्स हॉस्पिटलात आणले जात. हॅरॉल्ड गिलीज हे सर्जन त्यांचे चेहरे नव्यानं उभे करत. ज्या तोंडावर काम करायचं त्याच तोंडावर भुलीचा मुखवटा कसा ठेवायचा, हा प्रश्न होता. तिथले भूलतज्ज्ञ आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम यांनी रबराच्या नळ्या श्वासनळीपर्यंत नेण्याचं तंत्र बसवलं, आणि नाकातून नळी घालण्यात मॅगिल यांचा हात तर फारच तयार झाला. नाकातून आलेलं नळीचं टोक घशात पकडून पुढं सरकवायला त्यांनी 1920 साली एक वाकडा चिमटा केला. तो ‘मॅगिलचा चिमटा’ आजही आमच्या ट्रेमध्ये रोज असतो.

नाकातून नळी घालण्यातला पहिला धोका म्हणजे घोळणा. नाकाच्या मधल्या पडद्यावर, पुढच्या बाजूला, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. चार-पाच दिशांनी आलेल्या वाहिन्या तिथं एकत्र येतात आणि वरचं अस्तर अगदी पातळ असतं. शाळेतल्या पोरांचा घोळणा बहुधा तिथूनच फुटतो. बाहेरच्या भिंतीवर आत वळलेल्या मांसल पट्ट्या असतात, त्याही रक्तानं भरलेल्या. अशा बोळातून करंगळीएवढी जाड नळी न्यायची. बसलेल्या माणसाचं रक्त नाकावाटे बाहेर येतं. उताण्या, झोपवलेल्या माणसाचं मागं घशात उतरतं. त्याला गिळता येत नाही, खोकता येत नाही. ते रक्त श्वासनळीच्या तोंडावर साचतं, आणि आम्हाला जे दार बघायचं असतं तेच दिसेनासं होतं.

हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. तरी एकदा माझ्या हातून चूक झाली.

शिकाऊ होते तेव्हाची गोष्ट. इस्पितळाचं नाव सांगत नाही. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, मोटरसायकलवरून पडून जबडा मोडलेला. आदल्या दिवशी त्याला तपासायला मीच गेले होते. छापील फॉर्म हातात होता. “मधुमेह? दमा? रक्त पातळ करायच्या गोळ्या? नाकातून रक्तस्राव होतो का?” मी वाचत गेले आणि तो मान हलवत नाही म्हणत गेला. जबडा दुखत असल्यामुळं त्याला बोलवतही नव्हतं. मी प्रत्येक ओळीपुढं ‘नाही’ लिहिलं आणि पुढच्या खाटेकडं वळले.

दुसऱ्या दिवशी यादी लांब होती. आधीच्या ऑपरेशनला उशीर झाला होता, सगळ्यांनाच घाई होती आणि मला तर सगळ्यात जास्त, कारण मी हळू आहे असं कुणी म्हणू नये असं मला वाटत होतं. नाकात थेंब टाकायचे असतात, रक्तवाहिन्या आकसाव्यात म्हणून. सर्दीला आपण टाकतो तेच, झायलोमेटाझोलिनचे. मी ते टाकले. पण त्यांना काम करायला पाच-दहा मिनिटं द्यावी लागतात. मी एक मिनिटही दिलं नसेल. नळी गार खोलीत पडून ताठ झालेली, ती तशीच उचलली. सवयीनं उजव्या नाकपुडीत घातली. थोडी गेली आणि अडली. तिथं थांबायला हवं होतं. मी जोर लावला.

बोटांना आत काहीतरी फाटल्यासारखं जाणवलं. ती जाणीव अजून माझ्या बोटांत आहे.

रक्त आलं. मग मी दुसरी चूक केली. घाबरून नळी बाहेर ओढली. नळी नाकात राहिली असती तर तिचाच दाब जखमेवर राहिला असता. ती काढल्यावर बांध फुटावा तसं झालं. तोंडात दिवा घालून बघते तर सगळं लालभडक, काहीच ओळखू येईना. रक्तातल्या ऑक्सिजनचं यंत्र बीप-बीप करत असतं. ऑक्सिजन उतरला की त्याचा सूर खाली येतो, आकड्याकडं बघावंसुद्धा लागत नाही. तो सूर उतरत चालला होता. सरांनी मला खांद्यानं बाजूला केलं, घशातलं रक्त ओढून घेतलं आणि तोंडातून नळी घातली. सूर परत चढला. हे सगळं दोन-तीन मिनिटांत झालं असेल. नाकात पट्टी भरली, ऑपरेशन पुढं ढकललं. पोरगा वाचला, काही दिवसांनी त्याचं ऑपरेशनही नीट झालं. सर मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी वॉर्डात गेले. त्याची आई खाटेजवळ खाली बसली होती. पोराच्या नाकात पट्टी, उशीवर डाग. ती म्हणाली, “बाई, जबडा मोडला व्हता ना? मग नाकाला काय झालं?” मी सांगितलं की नाकातून नळी घालताना रक्त आलं. मी घाई केली हे सांगायला मला जड गेलं, पण सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि सहज म्हणाली, “त्येचा घोळणा लहानपणापासनं फुटतोय की. ह्याच अंगाचा. तुमी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं.”

मी विचारलं होतं. फॉर्मवर ‘नाही’ लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

त्या महिन्यात दोन दिवस घरी आले. कारखान्याचा हंगाम चालू होता. तेलगावच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, हवेत मळीचा वास होता. अण्णा, माझे वडील, ओट्यावर वेसण वळत बसले होते. अण्णा शेतकरी, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख वेसण घालणारे म्हणून. गोऱ्हा कामाला धरायचा झाला की त्याचं नाक टोचून त्यातून दोरी ओवावी लागते. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे बैल, नवे घेतलेले गोऱ्हे, लांबलांबून लोक घेऊन यायचे. अण्णा त्याचे पैसे घेत नसत.

लहानपणी मी ते पुष्कळदा पाहिलं होतं. सुताची वेसण ते आदल्या रात्रीच करडईच्या तेलात टाकून ठेवायचे. सकाळी गोऱ्हा आला की लगेच हात लावायचे नाहीत. आधी मालकाला विचारणार, भ्यालेला आहे का, मारका आहे का, खातोय का, नाकाला काही झालंय का. मग गोऱ्ह्याच्या गळ्याची पोळी खाजवत बसणार. त्यानं मान सैल सोडली की अंगठा आणि बोट नाकात घालून मधला पडदा चाचपणार. पुढं ओलसर कातडं, मागं कुर्री, त्यांच्या मधोमध एक पातळ मऊ जागा असते. ती सापडेपर्यंत दाभण उचलायचं नाही. सापडली की मात्र एका दमात टोचायचं, तेलातली वेसण ओवायची, हळद लावायची. जनावराला दुखायचं ते दुखायचंच, पण अण्णांच्या हातून रक्त फार कमी निघायचं. घाईचा मालक “उरका की” म्हणाला तर अण्णा दाभण खाली ठेवून त्याला चहा पाजायचे.

मी त्यांना त्या पोराची हकिगत सांगितली. घरी दुसऱ्या कुणाला सांगितली नव्हती. ते वेसण वळता वळता ऐकत होते.

“तू त्येला इचारलं नव्हतं का?”

“विचारलं होतं. नाही म्हणाला.”

“कसं इचारलं?”

मी फॉर्मवरचा शब्द सांगितला. “नाकातून रक्तस्राव होतो का, असं.”

अण्णांचे हात थांबले. “रक्तस्राव? आगं, ते बायामाणसाच्या दुखण्याचं काही आसंल आसं वाटलं आसंल त्येला. तू घोळणा म्हणाली नाहीस व्हय?”

मला उत्तर देता येईना. वीस वर्षं ज्या शब्दात वाढले तो शब्द त्या खाटेजवळ मला आठवलाच नव्हता. आठवला असता तरी मी तो वापरला असता का, याची मला खात्री नाही. डॉक्टर झाल्यावर आपण गावाकडचं बोलू नये असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मीच ठरवलं होतं.

परत गेल्यावर मी दोन-चार गोष्टी धरल्या आणि त्या आजपर्यंत सोडलेल्या नाहीत. नाकातून नळी घालायची असेल तर आदल्या दिवशी खाटेवर बसून विचारते, “घोळणा फुटतो का? कुठल्या बाजूचा? लहानपणी फुटायचा का?” त्याच्याबरोबर आई असेल, बायको असेल तर तिलाही विचारते. आपल्या दुखण्याचं आपल्यापेक्षा घरच्यांना जास्त आठवतं. मग एक नाकपुडी दाबून दुसरीतून श्वास सोडायला लावते, खाली आरसा धरून कुठली बाजू मोकळी आहे ते बघते. पडदा एका बाजूला वाकलेला आहे का, टॉर्चनं पाहते. ऑपरेशनच्या खोलीत आल्यावर पहिलं काम थेंब टाकायचं, आणि घड्याळात दहा मिनिटं मोजायची. तोवर नळी कोमट सलाइनमध्ये ठेवलेली असते. तिथं ती मऊ पडते, आतल्या वळणाप्रमाणं वळते. नळी बेताची घ्यायची, मोठी घेण्याचा हट्ट नाही. तिला जेली लावायची. आणि घालताना वर कपाळाकडं नाही, नाकाच्या तळावरून सरळ मागं, टाळूला समांतर न्यायची. नाकाची वाट मागं जाते, वर जात नाही. हे बाहेरून नाक बघणाऱ्याला पटत नाही. अडली तर जोर लावायचा नाही. काढायची, दुसरी बाजू बघायची, लहान नळी घ्यायची. कधी कधी नळीचं टोक मऊ रबरी कॅथेटरच्या मागच्या तोंडात बसवून घालते. कॅथेटर पुढं वाट काढत जातो, टोकाची धार कुठं लागत नाही. घशात आल्यावर कॅथेटर तोंडातून काढून घेता येतो.

एवढं करूनही कधी थोडं रक्त येतं. पण बहुतेक वेळा पट्टीवर एखादा गुलाबी डाग, यापलीकडं काही नसतं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मग एक दिवस दादाचा फोन आला. फोनवर त्याचं बोलणं ओठ मिटून बोलल्यासारखं येत होतं. “ताई, गालाच्या आतून फोड आलाय. तीन महिने झाले, बसंना.”

दादानं पुढं मुकादमाच्या हाताखाली काम धरलं होतं. टोळ्या घेऊन सांगली, कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत जायचा. रात्री गाड्या भरताना झोप येऊ नये म्हणून गुटखा सुरू झाला, आणि मग दिवसाही. 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली तेव्हा मी त्याला मुद्दाम फोन केला होता. तो हसून म्हणाला होता, “बंदी दुकानाला हाय, खिशाला नाही.” सुपारीनं गालाची आतली कातडी हळूहळू ताठ होते, दोरखंड आवळावा तसं तोंड आवळत जातं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. दादाच्या तोंडात एक मावत होतं. भाकरीचा तुकडा चुरून, दुधात भिजवून खायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनीला वाटायचं, दात दुखतात.

तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन मी जिथं काम करते तिथंच ठरलं. आपल्या रक्ताच्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, असा माझा नियम आहे. आपला हात आपल्या मनाचं ऐकतो, आणि मन ठिकाणावर नसतं. माझ्या एका सहकारी डॉक्टरीणबाईंना मी विनंती केली. त्या माझ्यापेक्षा लहान, पण हात फार शांत.

दादाचं तोंड उघडत नव्हतं म्हणजे तोंडातून नळी घालायचा रस्ताच बंद. झोपवल्यावर तरी तोंड उघडेल, असंही नाही. मोडक्या जबड्याचं तोंड दुखण्यानं मिटलेलं असतं, ते भुलीत सैल पडतं. हे आवळलेलं तोंड भुलीतही तसंच राहतं. अशा माणसाला आधी झोपवून चालत नाही. तो जागा असताना, स्वतः श्वास घेत असताना, नाक आणि घसा औषधानं बधिर करून नाकातून बारीक लवचिक दुर्बीण आत न्यायची, श्वासनळीत शिरायचं, मग तिच्यावरून नळी सरकवायची आणि त्यानंतर झोपवायचं. दुर्बिणीचं टोक वाटाण्याहून लहान. त्यावर रक्ताचा एक थेंब बसला तरी पुढचं दिसत नाही. तोंडाचा रस्ता असता तर तिथून तरी रक्त ओढून बघता आलं असतं. इथं नाकातून रक्त आलं तर उरतो तो गळ्याला छेद. त्याचीही तयारी ठेवली होती. म्हणजे इतर कुणाच्या बाबतीत घोळणा हा त्रास असतो. दादाच्या बाबतीत तो न फुटणं हाच सगळा खेळ होता.

आदल्या संध्याकाळी मी त्याचा फॉर्म हातात घेतला. एका नव्या डॉक्टर मुलीनं भरला होता, नीट अक्षरात. ‘नाकातून रक्तस्राव : नाही.’ मला माझंच अक्षर आठवलं. मी तिला बोलावलं आणि म्हणाले, “चल, परत विचारू.”

दादा खाटेवर मांडी घालून बसला होता. मी विचारलं, “दादा, घोळणा फुटतो का रे अजून?”

त्याचे डोळे एकदम बदलले. आवळलेल्या तोंडानं हसता येत नाही, डोळ्यांनीच हसायचं. “तुला ठाव हाय की. उजव्याचा. सायकलीवर तुझ्या आंगावर पडलं व्हतं ते. आताबी उन्हाळ्यात फुटतोच एक-दोनदा.” मग त्या मुलीकडं बघून म्हणाला, “ह्या बाईनं घोळण्याचं कुठं इचारलं?”

मुलगी ओशाळली. मी तिला काही बोलले नाही. बाहेर आल्यावर तिला तो शब्द लिहून दिला. ती शहरातली, तिनं तो कधी ऐकलाच नव्हता. तिचं निदान तसं होतं, माझं तर तेही नव्हतं.

डावी बाजू ठरली. उजव्या नाकपुडीला हात लावायचा नाही, असं फॉर्मवर ठळक लिहिलं.

सकाळी दादाला आत घेतलं. मी त्याच्या उशाशी, डाव्या अंगाला, स्टुलावर बसले. माझं काम फक्त बोलायचं होतं. बाईंनी थेंब टाकले, मग बधिर करायच्या औषधात भिजवलेली पट्टी नाकात हलकेच ठेवली. घड्याळ लावलं. दाराशी सर्जन हात धुऊन उभे होते. त्यांनी एकदा डोकावून बघितलं. बाईंनी त्यांच्याकडं न बघता सांगितलं, “अजून सहा मिनिटं.” मला अण्णांचा चहा आठवला.

त्या सहा मिनिटांत मी दादाशी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. बाभळ अजून आहे का, विचारलं. रस्ता मोठा झाला तेव्हा गेली, म्हणाला. वहिनी बाहेर बसून काय करत असेल, तर रडत असंल, म्हणाला. मग दुर्बीण आत जायला लागली तसं मी त्याला सांगत गेले, “आता नाकात गार लागंल. आता घशात ठसका येईल, येऊ दे. मोठा श्वास घे, इहिरीत बुडी मारायच्या आधी घेतो तसा.” त्यानं तसाच घेतला. पडद्यावर श्वासनळीचं दार उघडलं, गुलाबी, स्वच्छ. रक्ताचा टिपूस नव्हता. बाई आत शिरल्या. कोमट पाण्यातून काढलेली नळी दुर्बिणीवरून सरकत गेली, एकदा किंचित अडली, बाईंनी ती जरा फिरवली आणि ती आत बसली. दादानं माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठीचा वळ उठला. मग औषध गेलं आणि त्याची बोटं सैल पडली.

मी बाहेर आले आणि वहिनीजवळ बसले. पुढचे सात तास मी डॉक्टर नव्हते.

ऑपरेशन झालं. नळी रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. पुढं किरणांचा उपचार झाला, तोंड उघडायचे व्यायाम झाले. आता त्याच्या तोंडात दीड बोट मावतं. बोलणं जाड येतं, पण ओळखीच्या माणसाला कळतं. गुटखा सुटला. पानपट्टीवर उभा राहून तो पोरांना स्वतःचा गाल दाखवतो आणि पानपट्टीवाला त्याला “दादा, उगं गिऱ्हाईक घालवू नगा” म्हणतो. दर तीन महिन्यांनी तपासणीला येतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. अजून तरी सगळं ठीक आहे.

अण्णा आता नाहीत. वेसण घालायला गोऱ्हेही फारसे येत नाहीत, ट्रॅक्टर आले. त्यांचं दाभण माझ्याकडं आहे, टेबलाच्या खणात.

गेल्या एप्रिलात दुपारी दादाचा फोन आला. नातवाचा घोळणा फुटला होता. मी त्याला पूर्वीच सांगून ठेवलं होतं की मान मागं टाकू द्यायची नाही. तसं केल्यानं रक्त थांबत नाही, घशात उतरून पोटात जातं आणि मग उलटी होते. पोराला बसवायचं, पुढं वाकवायचं, तोंडानं श्वास घ्यायला सांगायचं आणि नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांत दाबून धरायचा. मधून मधून सोडून बघायचं नाही. तरीही थांबलं नाही तर दवाखाना गाठायचा.

“धरलं का?” मी विचारलं.

“धरलं.”

“किती वेळ?”

“घड्याळ लावून,” दादा म्हणाला, “धा मिनिटं. थांबलंय आता. तुझी वहिनी मातर मधीच ढेकूळ घेऊन आली व्हती.”

“मग?”

“मग काय, हुंगू दिलं. वास चांगला येतोय गं त्येचा.”